उरलेलं भेटल्यावर

माझ्या दुकानात चष्मा करायला टाकला आणि न्यायला विसरला, असं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. बाकीच्या चष्मेवाल्यांना विचारा. त्यांच्या कपाटात न नेलेल्या चष्म्यांचा ढीग साठलेला असतो. लोक नाकावर जुनाच चष्मा ठेवून महिनोन्‌महिने काढतात आणि म्हणतात, जाऊ पुढच्या आठवड्यात. माझ्याकडे मात्र चष्मा तयार व्हायच्या आधीच येऊन उभे राहतात. यात माझी कारागिरी काही नाही. मी त्यांना अर्ध्यावर लटकवून ठेवते, एवढंच.

त्याचं असं आहे. जवळची नजर तपासायला आम्हा चष्मेवाल्यांकडे एक कार्ड असतं. वरच्या ओळी ठसठशीत, खाली खाली अक्षर बारीक होत जातं. कार्ड छापणारे त्यावर जो मजकूर घालतात, तो वाचून चांगल्या डोळ्यांवरही झापड यावी. ‘सूर्य उगवला. पक्षी उडाले. मुले शाळेत गेली.’ आता सगळा संसार करून बसलेल्या माणसाला, मुले शाळेत गेली की नाही याचं काय सोयरसुतक? मला ते कार्ड पहिल्याच महिन्यात असह्य झालं. मी ते कचऱ्यात टाकलं आणि माझी स्वतःची कार्डं करायला घेतली. एखाद्या मासिकातला, डोक्याला जरा चालना देणारा उतारा घ्यायचा, मोठ्यापासून बारीक अक्षरांत छापून आणायचा आणि लाकडी चौकटीत बसवायचा. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात. रांगेत आपल्या मागे उभा राहिलेला माणूस कायम आगाऊच का वाटतो. राज्य बदललं की रस्त्यांची नावं बदलतात, पण लोक पत्ता सांगताना जुनंच नाव का घेतात. आणि हे सगळं ऐन रंगात आलं की तोडायचं. माणूस शेवटच्या ओळीपर्यंत येतो, डोळे किलकिले करतो आणि मान वर करून विचारतो, “आणि पुढे?”

“पुढचं चष्मा न्यायला याल तेव्हा,” मी म्हणते.

ही युक्ती माझी नाही. माझ्या थोरल्या भावाची, दादाची आहे.

दादा वाचायला शिकला तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती. हाती येईल ते तो मोठ्यानं वाचायचा आणि मी तोंडाचा आ करून ऐकायचे. पण दादा फुकट वाचणाऱ्यांतला नव्हता. मजकूर रंगात आला की तो मासिक मिटायचा आणि पाय पुढे करायचा. “बूट पुसून दे, मग उरलेलं.” बूट झाले की पाणी भरणं, पाणी झालं की त्याची गादी घालणं. मी सगळं करायचे आणि त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडायचे. त्या रागात मी वाचायला शिकले. शाळेनं मला शिकवली असेल तर बेरीज-वजाबाकी. वाचायला शिकवलं ते दादाच्या बुटांनी.

पुढे मी माझं माझं वाचू लागले, आणि गंमत म्हणजे मग मलाच ते अर्ध्यावर थांबणं हवंसं वाटायला लागलं. दोघांत नियमच होऊन गेला. काही चांगलं सापडलं की दुसऱ्याला निम्मंच द्यायचं. उरलेलं भेटल्यावर. आणि तेही आपणहून सांगायचं नाही, समोरच्यानं ‘पुढे?’ म्हणून विचारलं, तरच. लग्नं झाली, घरं वेगळी झाली, दादा लोकांना मोटार चालवायला शिकवू लागला, मी चष्मे करू लागले, माझा नवरा गेला, दादाचे केस गेले. नियम राहिला. हल्ली मी मासिकाच्या पानाच्या खालच्या निम्म्यावर काचा पुसायचं फडकं टाकून फोटो काढते, त्याला पाठवते आणि खाली लिहिते, ‘उरलेलं भेटल्यावर.’ दिवस मावळायच्या आत त्याचा फोन यायचा. “शंकासुरे, पुढे?” लहानपणी मी ऊठसूट शंका काढायचे म्हणून त्यानं ठेवलेलं हे नाव. मग सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याकडे जायचे आणि उरलेल्या निम्म्यावरून आम्ही असे भांडायचो की वहिनी आतून ओरडायची, “वाचताय की दंगल करताय?”

गेलं वर्षभर हे सगळं बंद पडलं होतं.

म्हणजे मी पाठवायचे. तिकडून उत्तर यायचं, ‘छान आहे.’ बस्स. आता ‘छान आहे’ हे काय उत्तर झालं? शेजाऱ्यांनी पडदे बदलले की आपण छान आहे म्हणतो. दादानं उभ्या जन्मात कशाला छान म्हटल्याचं मला आठवत नाही. फारच आवडलं तर म्हणायचा, “माणसाला अक्कल बेताची आहे, पण लिहितो बरं.”

या अबोल्याचं कारण मला माहीत होतं. निदान मी तसं धरून चालले होते. निवडणुकीच्या दिवसांत मी त्याला एक लेख पाठवला होता. लेखकाचं म्हणणं असं की, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं मत अर्धंच मोजावं. पुढची वर्षं ज्याला भोगायचीच नाहीत, त्यानं ती ठरवायची कशाला? जेवून उठलेल्यानं उद्याच्या स्वयंपाकात लुडबुड करू नये, असं एक झोंबणारं वाक्यही त्यात होतं. दादाची सत्तरी नुकतीच झाली होती. मला वाटलं, आता हा खवळणार, फोनवर आगपाखड करणार आणि ‘पुढे?’ म्हणून विचारणार. लेखाची खरी मजा दुसऱ्या अर्ध्यात होती. तिथे लेखक सरळ कोलांटी मारतो आणि आपलंच सगळं म्हणणं उलटं करून दाखवतो. मला ती कोलांटी दादाला वाचून दाखवायची होती आणि त्याचं तोंड बघायचं होतं.

नेमकं त्याच लेखावर पहिलं ‘छान आहे’ आलं.

झालं. म्हणजे तू म्हातारा झालास, तुझी किंमत आता निम्मी, एवढंच मी माझ्या भावाला कळवलं होतं आणि त्यावरचा उतारा माझ्याकडे ठेवून घेतला होता. कितीदा वाटलं, जावं आणि दुसरं अर्धं वाचून दाखवावं. पण नियम होता. आणि नियमाहून मोठं माझं नाक होतं. विचारू दे त्याला, मग सांगेन. तो विचारीना. मी पुढे आणखी लेख पाठवले, त्यांवरही ‘छान आहे’. त्याच्याकडे गेले तर तो हवापाण्याचं बोलायचा. मध्येच एकदा गाडी विकून टाकली म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांना गाडी शिकवलेला माणूस, म्हणे पेट्रोल परवडत नाही. मी मनात म्हटलं, चिक्कू झालाय. होतात माणसं या वयात. हळूहळू माझं जाणंही कमी झालं.

मला त्याची फार आठवण यायची. चार रस्ते पलीकडे राहणाऱ्या, धडधाकट भावाची आठवण येते म्हटलं तर लोक हसतील, पण यायची. काही वाचलं की डोक्यात त्याचा आवाज सुरू व्हायचा, हा हे म्हणेल, इथे चिडेल, इथे टेबलावर हात आपटेल. दिवसभर दुकानात सगळं गाव मला ‘पुढे?’ विचारत होतं आणि ज्यानं विचारायला हवं तो विचारत नव्हता. निवडणुकीचा तो लेख मी ड्रॉवरमध्ये स्क्रूंच्या डबीखाली ठेवला होता. गिऱ्हाईक नसलं की काढून दुसरं अर्धं वाचायचे, त्याच्यासमोर वाचतेय अशा आवाजात. कुणी पाहिलं असतं तर बाई एकटीच बडबडते म्हणून दुसरीकडे चष्मा केला असता.

आणि त्या दिवशी सकाळी दादा स्वतःच दुकानात आला.

वहिनीनं त्याला दारापर्यंत आणून सोडलं आणि “आलेच मी भाजी घेऊन,” म्हणून ती समोर गेली. दादाच्या हातात चष्मा होता आणि चष्म्याची एक काडी लोंबत होती.

“स्क्रू पडला बघ कुठेतरी,” तो म्हणाला. खुर्चीची पाठ चाचपून बसला. गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं.

“दे इकडे.”

चष्मा घेऊन मी कामाला लागले. हा स्क्रू इतका बारीक असतो की जरा जोरात श्वास सोडला तरी उडून जातो. चिमट्यात स्क्रू धरून मी मान खाली घातली. बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं, ती सुरू होत नव्हती. मला आतली शांतता सोसेना. दिवसभर जे सगळ्यांना म्हणते तेच सवयीनं तोंडातून गेलं. टेबलावरची चौकट मी कोपरानं त्याच्याकडे सरकवली. “वाच बघू तोवर.”

तो जरा थांबला. मग चौकट हातात घेतली आणि वाचू लागला.

“‘हरवलेली वस्तू माणूस पहिल्यांदा जिथे शोधतो, तिथेच तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो. खिसा रिकामा आहे हे हाताला कळलेलं असतं, तरी हात परत त्याच खिशात जातो. एकच ड्रॉवर आपण कितीदा उघडतो! शहाणा माणूस म्हणेल, दुसरीकडे बघ. पण शहाण्याची वस्तू हरवलेली नसते...’”

हा उतारा माझ्या दुकानातला सगळ्यात जुना. दुकान उघडलं तेव्हा दादानंच निवडून दिला होता. अर्ध्या गावाचे डोळे मी त्यावर तपासलेत. मला तो तोंडपाठ आहे. पण दादाच्या आवाजात ऐकून किती काळ झाला होता! प्रश्न आला की तो आवाज चढवतो, विरामाला थांबून समोरच्याला टांगून ठेवतो. मी स्क्रू बसवत होते, पण खरं तर पायाशी बूट घेऊन बसले होते. त्यानं कधीच संपवू नये असं वाटत होतं.

तो शेवटच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत आला. “‘...याचं कारण शोधायला गेलं तर ते फारच साधं निघतं.’” इथे कार्ड तुटतं. तो थांबला. मी हात आवरून वाट पाहिली. आता म्हणेल. थट्टेनं तरी म्हणेलच.

त्यानं चौकट सावकाश खाली ठेवली.

“नजर अजून ठणठणीत आहे तुझी,” मी म्हणाले. जरा तोडूनच म्हणाले. “बारीक ओळीतसुद्धा अडखळला नाहीस.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला.

मी चष्मा त्याच्या हातात दिला, त्यानं डोळ्यांवर चढवला, वहिनी पिशवी घेऊन आली आणि तिच्या हाताला धरून तो पायरी उतरला. जातानाही ‘पुढे?’ म्हणाला नाही. मला इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे पाठ करून काचा पुसत बसले.

त्यानंतर आला शिंपी. आमच्याच ओळीत त्याचं दुकान आहे. सुईत दोरा जात नाही म्हणून गेले कित्येक महिने तो सुईलाच शिव्या देत होता. मी त्याला बसवलं, तपासणीची फ्रेम नाकावर चढवली, काचा घातल्या आणि चौकट हातात दिली. “हं, वाचा.”

“‘लिफ्टमध्ये... शिरल्यावर... सगळी माणसं... दाराकडे तोंड करून...’”

“ते नव्हे,” मी म्हटलं. “समोरचं वाचा. हरवलेल्या वस्तूचं.”

“बाई, इथे लिफ्टचंच आहे.”

“अहो, नीट बघा.”

“आता मला नीट दिसत असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?” शिंपी म्हणाला. “लिफ्टच आहे. हे बघा, लि-फ्ट.”

मी चौकट त्याच्या हातातून घेतली. लिफ्टच होती. आदल्या संध्याकाळी जुनं कार्ड फारच पिवळं पडलं म्हणून मी ते काढून आत ठेवलं होतं, आणि त्याच चौकटीत हे नवं बसवलं होतं. मीच. माझ्या हातानं.

मी तशीच उभी राहिले. दादानं जे वाचलं ते त्या चौकटीत नव्हतंच. आणि मला ते कळलं नाही, कारण मलाही ते पाठ होतं. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. तो वाचत होता तेव्हा त्याचा चष्मा कुठे होता? माझ्या हातात. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेली मी, सत्तरीचा माणूस माझ्यासमोर बिनचष्म्याचा मुंगीएवढं अक्षर घडाघडा वाचतो आणि मी म्हणते, नजर ठणठणीत आहे. दुसऱ्या कुणाच्या दुकानात हे झालं नसतं. दुसऱ्या कुणाला त्या आवाजाची इतकी भूक नव्हती.

“बाई, पुढे काय आहे लिफ्टचं?” शिंप्यानं विचारलं.

“उद्या या,” मी म्हटलं, ड्रॉवर ओढला, स्क्रूंच्या डबीखालचा लेख घेतला, कपाटातली मासिकंही पिशवीत कोंबली आणि शटर खाली ओढायला लागले. शिंपी तपासणीची फ्रेम नाकावर घेऊनच बाहेर उभा होता. ती काढून घ्यायचंही मला सुचलं नाही.

दार वहिनीनं उघडलं. माझ्या तोंडाकडे तिनं एकदा पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

“कळलं वाटतं,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“वर्ष होऊन गेलं. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणाले. कडेचं दिसतं, मधलं नाही. तोंडाकडे बघितलं तर तोंड दिसत नाही, कान दिसतात.”

“आणि मला सांगितलं नाहीत? मला? वहिनी, मी डोळ्यांचंच खाते!”

“मी हजारदा म्हटलं गं. ऐकतील तर शपथ. आणि ते फोनवरचं छान आहे, छान आहे, ते मीच लिहायची. काहीतरी लिही म्हणायचे, नाहीतर तिला संशय येईल. मला दुसरं काय सुचणार? तुमचं ते अर्धवट वाचून मला काही कळत नाही. त्याला शेवटच नसतो.”

आत खिडकीपाशी दादा बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र होतं, घडी न मोडलेलं. मी खुर्ची ओढली तशी त्यानं मान दुसरीकडे फिरवली. मला वाटलं तोंड लपवतोय. मग लक्षात आलं, मला बघण्यासाठीच त्यानं ती फिरवली होती.

“चौकटीत काय होतं?” त्यानं विचारलं.

“लिफ्ट.”

“अरे देवा,” दादा म्हणाला. “मला वाटलं, तू ते कार्ड बदलणार नाहीस कधी.”

मला रडायचं होतं, पण आधी रागच बाहेर पडला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. लबाड म्हणाले, आपमतलबी म्हणाले, गाडी विकली तेव्हा पेट्रोलचं कारण सांगतोस, लाज नाही वाटली, म्हणाले. तो ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, “काय केलं असतंस सांगून? काचा बदलत बसली असतीस. ही घालून बघ, ती घालून बघ. डॉक्टर म्हणाले, काचेनं होणारं हे काम नाही. तुला ते पटलं नसतं. मला तुझ्या त्या खुर्चीत बसून दर वेळी नाही दिसत, नाही दिसत, म्हणायचं नव्हतं.”

“मग आज बसलास तो?”

“आज तू वाच म्हणालीस,” दादा म्हणाला. “किती दिवसांनी कुणीतरी मला वाच म्हणालं.”

मग तोच म्हणाला, “फोन वाजला की कळायचं, तुझं काहीतरी आलंय. हातात धरून बसायचो. कडेकडेनं नुसत्या काळ्या ओळी दिसायच्या. तुला फोन करून ‘पुढे?’ विचारावं असं रोज वाटायचं. पण पुढे विचारायला आधीचं कळायला हवं ना!”

“वहिनीकडून वाचून घ्यायचंस.”

“तुझी वहिनी आधी शेवट सांगते,” दादा म्हणाला. “आणि तिनं वाचलं असतं तर ते तुझं-माझं राहिलं नसतं.”

“ऐकू येतंय मला!” वहिनी आतून म्हणाली.

मी पिशवीतली मासिकं काढली. पहिल्यापासून सुरुवात करायचं ठरवलं, म्हणजे निवडणुकीच्या लेखापासून. पण आता हातात घेतल्यावर धीर होईना. वर्षभर मी या लेखावरून मनातल्या मनात ज्याच्याशी भांडत होते, त्याची समजूत काढत होते, त्याच्यावर रुसत होते, त्यानं तो वाचलेलाच नव्हता. त्याला मी दुखावलंच नव्हतं. दुखावणार होते ते आता.

“हा जरा तिखट आहे,” मी म्हटलं.

“वाच गं.”

मी वाचायला लागले. सत्तरी ओलांडलेल्यांचं मत अर्धं मोजावं, इथपर्यंत तो शांत होता. पुढची वर्षं भोगायची नाहीत त्यानं ती ठरवू नयेत, इथे खुर्ची करकरली. जेवून उठलेल्यानं उद्याच्या स्वयंपाकात लुडबुड करू नये, हे वाक्य आलं आणि दादानं खिडकीच्या कठड्यावर हात आपटला.

“कोण आहे हा दिवटा? बोलव त्याला इथे! अरे, स्वयंपाक कुणी शिकवला तुला? मी शिकवलेली अर्धी माणसं आज गाडी हाकतायत, आणि माझं मत अर्धं? मग माझा करही अर्धाच घे म्हणावं! रांगेतही अर्धा तासच उभा राहतो!”

“वाचताय की दंगल करताय?” वहिनी आतून ओरडली. ओरडता ओरडता तिचा आवाज चिरकला.

मी पुढे वाचत गेले, तो आणखी भडकत गेला. कान लाल झाले, टकलावरची शीर उडायला लागली. वर्षभर ज्या भांडणाला मी घाबरले होते ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की शब्द नीट उमटत नव्हते. फोटो काढताना मी जिथे फडकं टाकलं होतं, त्या ओळीपाशी आले आणि जन्माच्या सवयीनं थांबले.

तो श्वास टाकत बसला होता. मग त्यानं मान जराशी वळवली, माझ्यापासून दूर, म्हणजे माझ्याकडे.

“थांबलीस का?” तो म्हणाला. “शंकासुरे, पुढे?”

मला समोरचं काही दिसेना. माझ्या वाचायच्या चष्म्याच्या काचा भरून आल्या होत्या. तो काढून मी मांडीवर ठेवला. कागद तसाच डोळ्यांसमोर धरला आणि पुढे सुरू केलं. “‘आता माझं वरचं सगळं म्हणणं उलटं करून बघा. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचं उरलेलं नाही, असा माणूस मतपेटीपाशी येतो तेव्हा तो कुणासाठी येतो? जेवून उठलेल्या माणसालाच तर माहीत असतं, मीठ कुठे कमी पडलं...’”

“थांब,” दादा म्हणाला.

“काय?”

“चष्मा मांडीवर आहे तुझा.”

“तुला कसं दिसलं?”

“कडेचं दिसतं मला.”

“मग?” मी म्हटलं. “तू नाही का सकाळी वाचलंस, चष्मा माझ्या हातात देऊन?”

तो हसला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

“पाठ कधी केलंस?”

“केलं नाही. तू विचारायची वाट बघता बघता झालं.”

दादा खुर्चीतून पुढे वाकला आणि माझ्या पायांपाशी हात नेऊन माझी चप्पल चाचपू लागला.

“काय करतोयस?”

“पुसून देतो,” दादा म्हणाला. “उरलेलं सांग.”